मऊ भाकरी

कचऱ्याचा डबा आत आणताना मी ड्राइव्हवेवर घसरलो आणि माझं मनगट मोडलं. फार जोरात पडलो असंही नाही. बसल्यासारखा झालो आणि हात टेकला, एवढंच. तेवढ्यानं हाड मोडायला नको होतं, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या तपासण्या लावून दिल्या. ही २००६च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या मुलीकडे, नेत्राकडे, अमेरिकेत ईडन प्रेरीला कायमचं राहायला येऊन आम्हाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हाडं ठिसूळ निघाली. रक्त कमी निघालं, पण ते तर पुण्यातही कमीच होतं. लोहाच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं खात होतो आणि त्या अंगी का लागत नाहीत हे कुणी कधी विचारलं नव्हतं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. रक्ताची एक वेगळी तपासणी झाली, मग तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला आणि एप्रिलमध्ये नाव कळलं : सिलिअॅक.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझं शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर चालून जातं. अस्तर झिजलं की खाल्लेल्या अन्नातलं लोह, कॅल्शियम तसंच वाहून जातं. औषध नाही. गहू, जव आणि राय नावाचं इथलं धान्य आयुष्यभर बंद.

"पण यांना पोटाचा काहीच त्रास नाही," नेत्रा म्हणाली.

पुष्कळांना नसतो, असं त्या म्हणाल्या. बाहेरून काही दिसत नाही म्हणून आतलं नुकसान थांबत नाही. मी ते वाक्य घरी येऊन लिहून ठेवावं म्हणत होतो, पण तशी गरज पडली नाही, ते तसंच लक्षात राहिलं.

शुभाला मात्र ते पटलं नाही. माझी बायको शंका मनात ठेवणारी नाही.

"पोटात कळ नाही, जुलाब नाहीत, साधी करपट ढेकर नाही," गाडीत बसल्याबसल्या ती म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, एक दिवस पोट बिघडलं नाही. आणि आता म्हणे गव्हाची ॲलर्जी!"

"ॲलर्जी नाही गं ती."

"मग काय आहे?"

मला नीट सांगता आलं नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. पुस्तक शोधून हातात देणं जमतं, त्यातलं तोंडानं सांगणं जमत नाही. नेत्रानंच पुढं सगळं सांगितलं आणि शुभा खिडकीबाहेर बघत राहिली.

तरी तिनं घर बदललं, हे मला कबूल केलं पाहिजे. हिंगात मैदा असतो हे मी वाचून सांगितलं, तेव्हा तिनं डबी उचलून सरळ कचऱ्यात टाकली. "बिनहिंगाची फोडणी! माझी आई वरून बघत असेल तर तोंड फिरवेल," असं म्हणाली, पण टाकली. माझ्यासाठी वेगळा तवा, वेगळं पोळपाट, वेगळी परात आली. प्रसन्न, आमचे जावई, गमतीनं म्हणायचे, "बाबा, तुमचं सिक्युरिटी क्लिअरन्स माझ्या ऑफिसपेक्षा कडक आहे." नेत्रा इंडियन स्टोअरमध्ये प्रत्येक पाकीट उलटंपालटं करून वाचायची. चार माणसं आपल्यासाठी एवढं करताहेत याचा मला संकोच वाटायचा. मुलीच्या घरी राहणाऱ्या माणसाला तो एरवीही वाटतोच.

पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आली. पहिल्या महिन्यात ती भाकरी नव्हतीच. थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना मध्येच तुटायची. ताटात तुकडे यायचे. मी ते वाटीत गोळा करून दुधात कालवून चमच्यानं खायचो. मला चालत होतं. शुभा समोर उभी राहून बघायची आणि ओट्याकडे वळायची.

मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाकरी जमू लागली. अगदी गोल, पातळ, पापुद्रा सुटलेली. दुसऱ्या दिवशीसुद्धा तिची घडी घालता यायची. नेत्रा म्हणाली, "आई, तू तर प्रो झालीस यार!" शुभा हसली. "सवयीनं हात बसतो," म्हणाली. मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्या आजारानं तिचं जे काढून घेतलं होतं, ते तिला परत मिळालं असं वाटलं.

पोटात ग्लूटेन जातंय का हे सांगणारा रक्तातला आकडा ऑक्टोबरमधल्या तपासणीत उतरला नव्हता. वेळ लागतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जानेवारीत महाराष्ट्र मंडळाची संक्रांत होती. कुणीतरी गूळपोळ्या केल्या होत्या. मी टेबलाजवळ एकटाच उभा होतो. एक गूळपोळी उचलली, तिचा वास घेतला आणि परत ठेवली. एवढंच. पण नेत्रानं हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ते पाहिलं, आणि पाहिल्याचं बोलली नाही.

२००७च्या एप्रिलमध्ये आकडा तसाच होता. हाडांचा स्कॅनही पुन्हा झाला. मणक्याची हाडं वर्षापूर्वीपेक्षा आणखी पोकळ झाली होती. आहाराबद्दल सल्ला देणारी एक तरुण बाई होती, तिनं खुर्ची पुढं ओढली आणि अगदी गोड आवाजात मला विचारलं, की तुम्ही कधी कधी चीटिंग करता का? सगळेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी नाही म्हणालो. मला वाटतं, फार हळू म्हणालो.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर नेत्रानं मला टेबलावरून उठू दिलं नाही.

"बाबा, मला एकदाच खरं सांगा. मी रागावणार नाही."

"मी काही खात नाही, नेत्रा."

"मग नंबर का उतरत नाही? हवेतून जातं का ग्लूटेन?"

"ज्वारीच्या पिठात येत असेल. गिरणीत गहू दळला असेल आधी..."

"ब्रँड दोनदा बदलला बाबा. एक्सक्यूज नकोत. संक्रांतीला मी बघितलं तुम्हाला. गूळपोळी हातात होती तुमच्या."

"मी वास घेतला."

प्रसन्नांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण आलं. मलाही कळलं, की हे वाक्य खरं असलं तरी ऐकायला खोटंच वाटतं.

"आणि लायब्ररीत जाता तेव्हा शेजारच्या कॅफेत बसता ना?" नेत्रा म्हणाली.

"कॉफी घेतो."

"फक्त कॉफी?"

मी शुभाकडे बघितलं. माझ्या खाण्यातलं तिला माहीत नाही असं काही नव्हतं. लग्नात मी जिलबी किती खाल्ली हेसुद्धा ती अजून सांगते. ती हातातल्या फडक्यानं टेबलावरची एकच जागा पुसत होती.

"मी तरी कुठं कुठं लक्ष ठेवू यांच्यावर?" ती म्हणाली. "घरातलं मी बघते. बाहेरचं मला काय माहीत?"

नेत्रा रडायला लागली. "तुम्हाला काय झालं म्हणजे मी काय करायचं, बाबा? तुम्ही इतकं खोटं बोलाल असं मला कधी वाटलं नव्हतं."

त्यानंतर मी लायब्ररीत जाणं बंद केलं. कुणी जाऊ नका म्हणालं नव्हतं. पण बाहेरून आल्यावर नेत्राची नजर आधी माझ्या तोंडाकडे जायची आणि ते मला सोसेना. माझं मलाच वाटायला लागलं, की मी खाल्लं तर नसेल? कॉफीबरोबर कॅफेतल्या बाईनं एखादं बिस्कीट ठेवलं असेल, आणि वाचता वाचता माझा हात गेला असेल? मी पूर्वी वाचता वाचता दुसऱ्याचा चहा प्यायलेला माणूस आहे. आठवून आठवून डोकं शिणायचं. झालं नव्हतं असं खात्रीनं म्हणता येत होतं, पण ती खात्री रोज सकाळी थोडी कमी झालेली असायची.

जूनमध्ये शुभा पार्सिपनीला तिच्या भाचीकडे, आश्लेषाकडे गेली. आश्लेषाचं बाळंतपण होतं. जाण्यापूर्वी तिनं माझ्यासाठी भाकऱ्यांची मोठी चवड करून फॉइलमध्ये बांधून फ्रीझरमध्ये ठेवली. "रोज दोन काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून मायक्रोवेव्ह करा. मऊ राहतील," तिनं मला दोनदा सांगितलं.

त्या संपत आल्या, दोन उरल्या, तेव्हा नेत्रानं विनीताला बोलावलं. विनीता आमच्याच रस्त्यावर राहते. नेत्राच्या कंपनीत टेस्टिंगचं काम करते आणि मूळची सोलापूरची. "सोलापूरची म्हणजे भाकरीची पीएचडी," नेत्रा म्हणाली, पीठ काढून दिलं आणि आमच्या नातीला पोहायच्या क्लासला घेऊन गेली. घरात मी आणि विनीताच.

विनीतानं पीठ हातावर घेतलं, चिमटीत चोळलं.

"काका, या पिठाला विरी गेलीय. जहाजातून येतं ना, महिनोन्महिने पडून असतं. चिकटपणाच राहत नाही."

"जमेल का?"

"बघू. तुमच्यासाठी सोलापूरची अब्रू पणाला लावते."

तिनं पाणी उकळलं, पीठ उकडीचं भिजवलं, खूप मळलं. तिचा हात खरंच सराईत होता. तरीही भाकरीला चिरा पडल्या. तव्यावर टाकताना एक चतकोर तुटून शेगडीवर पडला. दुसरी तशीच. तिसरी जरा बरी, पण उचलल्यावर मधोमध दुभंगली.

"गेली अब्रू," विनीता म्हणाली. "काका, काकू करतात तेव्हा कशी होते?"

"मऊ होते. घडी घालता येते."

"घडी?" ती हसली. "ताजी असताना ना?"

"दुसऱ्या दिवशीसुद्धा. फ्रीझरमधली आहे ना, बघ."

मी उरलेल्या दोनातली एक काढून गरम करून दिली. विनीतानं ती हातात घेतली, दुमडली, पुन्हा दुमडली. रुमालासारखी चौपदरी झाली. एक कड तोडून तिनं तोंडात टाकली आणि सहज म्हणाली, "कणीक घातलीय की हो काका. इथं आम्ही सगळ्याच घालतो मूठभर. त्याशिवाय या पिठाची अशी होतच नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. माझ्या आजाराबद्दल तिला माहीत होतं. तिच्याच घरच्या डोहाळजेवणाला नेत्रानं माझं ताट वेगळं मागितलं होतं.

"म्हणजे... मला आपलं वाटलं. काकू काहीतरी दुसरं घालत असतील. हल्ली ते डिंकासारखं पांढरं पीठ मिळतं ना." ती घाईघाईनं हात धुऊ लागली. "काकूंना विचारा एकदा. मी काही एक्स्पर्ट नाही हं."

ती गेल्यावर मी ती भाकरी समोर ठेवून बसलो. मग उठून तांदूळ धुतले. भात मला लावता येत नव्हता, पातेल्याला लागला. तो खाल्ला. मनात एकच होतं, शुभा आली की विचारायचं आणि ती नाही म्हणेल. ती म्हणेल, की ते पांढरं पीठ घालते, तुम्हाला कसं कळलं नाही. ती नाही म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. पीठ तपासायला दिलं नसतं, कुणाला विचारलं नसतं. मी त्यासाठी तयार होऊन बसलो होतो.

ती आली त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. ती पलंगावर बॅग रिकामी करत होती. आश्लेषाच्या मुलाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत होती.

"शुभा, भाकरीत कणीक घालतेस?"

तिचे हात थांबले. "कोण म्हणालं?"

"घालतेस का?"

"मूठभर," ती म्हणाली. "त्यात एवढं काय?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. म्हणजे ते तुकडे व्हायला लागले तेव्हापासून. तुम्ही वाटीत गोळा करून चमच्यानं खायचात. लहान पोराला भरवल्यासारखं. मला बघवेना."

तिथपर्यंत मला समजत होतं. ती तिथं थांबली असती तरी चाललं असतं.

"पण मग काय झालं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "सांगा ना. एक दिवस तरी पोट दुखलं? उलटी झाली? मी रोज बघत होते. सकाळी उठून आधी तुमच्या तोंडाकडे बघायची. काही नाही! वर्ष झालं की सगळ्यांना सांगणार होते मी, त्या डॉक्टरणीलासुद्धा. म्हणावं, हे रोज गहू खातायत आणि खणखणीत आहेत. काढून टाका तो रिपोर्ट."

"हाडं पोकळ झाली माझी. आणखी."

"वयानं होतात. माझे गुडघे नाही का दुखत? मी कुठं कागदं घेऊन फिरते?"

मला राग आला होता की नाही, सांगता येत नाही. मला फक्त एक विचारायचं होतं.

"एप्रिलमध्ये नेत्रा मला बोलली, तेव्हा तू तिथंच होतीस."

तिनं बॅगेतली एक साडी काढून तिची घडी पुन्हा घातली.

"तू म्हणालीस, बाहेरचं मला काय माहीत."

"मग काय म्हणायला हवं होतं?" ती पलंगावर बसली. "जावयासमोर? ती रडत होती. मी म्हटलं असतं, मी घातलं, तर तिनं मला पुन्हा ओट्यापाशी उभं केलं असतं का? तुमच्याजवळ पुस्तकं आहेत. तुम्ही कोपऱ्यात बसून दिवस काढता. या घरात मला स्वयंपाकाशिवाय दुसरं काय आहे? ना गाडी चालवता येते, ना त्यांचं इंग्रजी फाडफाड बोलता येतं."

"तिला सांग."

"नाही."

"मग मी सांगू?"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी साधा होता. "सांगा. तिला वाटेल, पकडले गेले म्हणून आता आईवर ढकलतायत."

ते खरं होतं. तिला ते आधीच सुचलेलं होतं, याचंच मला सर्वांत वाईट वाटलं.

त्या दिवसापासून मी माझं जेवण स्वतः करू लागलो. भात, मुगाची डाळ, एखादी भाजी. हळूहळू बरं जमू लागलं. शुभानं पहिले दोन दिवस कणकेशिवाय केलेल्या भाकरीचे तुकडे माझ्यासमोर ठेवले. "बघा, नाही घातली," म्हणाली. मी ते खाल्ले नाहीत. त्यात कणीक नव्हती, हे मला दिसत होतं. तरी हात पुढं गेला नाही.

"हे काय चाललंय?" नेत्रानं विचारलं. "बाबा, तुम्ही का करताय?"

मी शुभाकडे बघितलं. तिला संधी होती.

"माझ्या हातचं चालत नाही आता यांना," शुभा म्हणाली. "अमेरिकन झालेत."

प्रसन्न हसले. नेत्रा मात्र हसली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मनावर घेतलंय, असा तिनं अर्थ लावला होता. मला ते नंतर कळलं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा रक्त दिलं. शुभाही बरोबर आली. ती न येती तर बरं, असं मला वाटलं होतं आणि यावी असंही वाटलं होतं. आहारवाल्या तरुण बाईनं कागद समोर धरला आणि दोन्ही अंगठे वर केले. आकडा निम्म्याहून खाली आला होता. तुम्ही जे काही करताय ते असंच चालू ठेवा, असं ती म्हणाली. मला इंग्रजी कळतं, तरी नेत्रानं ते मराठीत पुन्हा सांगितलं. तिला ते बोलायचंच होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिनं मला मिठी मारली. ती असं सहसा करत नाही.

"थँक यू, बाबा."

"कशाबद्दल?"

"मी तेव्हा फार बोलले तुम्हाला. मला नंतर खूप वाईट वाटलं. पण बघा ना, बंद केलंत की कसं उतरलं! चारच महिन्यांत!"

तिला खरं सांगायचं म्हणून चार महिने पाठ केलेलं वाक्य त्या वेळी मला आठवलं नाही. जे तोंडात आलं ते म्हणालो. "नेत्रा, मी तेव्हाही खात नव्हतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. फार मायेनं बघत राहिली. "ओके बाबा," ती म्हणाली. "झालं ते झालं. मी परत कधी विचारणार नाही. प्रॉमिस."

शुभा दोन पावलं मागं माझा कोट हातात धरून उभी होती. मी तिच्याकडे वळलो.

"शुभा, खाल्लं होतं का मी? सांग तिला."

कॉरिडॉरमधून एक नर्स रिकामी व्हीलचेअर ढकलत गेली. आम्ही तिला वाट करून दिली. शुभानं कोट झटकला, त्यावर काही नसताना, आणि माझ्या खांद्यांमागं उघडून धरला.

"आता सगळं नीट झालंय ना," ती म्हणाली. "कशाला उकरून काढता?"

"बघा," नेत्रा हसून म्हणाली, "आईसुद्धा तेच म्हणतेय."

मी कोट तिच्या हातातून काढून घेतला आणि माझा मी घालू लागलो. चेन अडकत होती. मदतीला कुणी हात पुढं केला तर नको म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून, माझं होईपर्यंत, थांबून राहिल्या.